पुण्यात राहून लोकरीचे कोरल विणायचे आहेत, प्रेरणा कुठून मिळवू?

पिंटरेस्ट बंद करा आणि सकाळी मंडईत जाऊन कोंबड्याचं फूल घेऊन या. तुरा नीट बघा: कडेची वाढ इतकी, की तिला जागा पुरत नाही, म्हणून ती मुडपत जाते. क्रोशात हेच. दर तिसऱ्या मुक्या खांबात (क्रोशाचा बुटका टाका) दोन घातलेत की झालर पडते, प्रत्येकात दोन घातलेत की गच्च गोळा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या गणिती डायना तायमिना यांनी 1997 मध्ये असंच विणून हायपरबोलिक पृष्ठभाग, म्हणजे कडेकडे वाढत मुडपत जाणारा पृष्ठभाग, दाखवला. त्यावरूनच पुढे 2005 मध्ये वर्थाइम बहिणींनी लॉस एंजेलिसमध्ये लोकरीचं प्रवाळ विणायला घेतलं. आकाराचं एवढंच.

खरी भानगड रंगाची. मागे घरच्या गणपतीला समुद्राची आरास ठरली. मालवणला किल्ल्याजवळ पाण्याखाली बघितलेलं माझ्या डोक्यात पक्कं होतं: खाकी, मेंदी, तपकिरी, वाढत्या कडा तेवढ्या पांढुरक्या. अख्खा श्रावण मी तेच विणत होते. जाऊबाई म्हणाल्या, "शेवाळ लागल्यासारखं दिसतंय गं! पोवळं कसं लालभडक हवं," आणि मंगळासाठी घातलेली अंगठी नाकासमोर धरली. अहो, ते भूमध्य समुद्रातलं, त्याची जातच वेगळी. आपल्या उथळ पाण्यातल्या प्रवाळाच्या अंगात खरोखरच शेवाळ राहतं, बरंचसं अन्न आणि रंग त्याच्याकडूनच. पाणी फार तापलं की ते निघून जातं आणि प्रवाळ पांढरंफटक पडतं. हे मी सांगत बसले, आणि दुपारी उकड काढत होते तेवढ्यात बाईंनी सगळ्यावर सोनेरी स्प्रे मारला! आरतीला आलेले "फुलं छान केलीत" म्हणून गेले.

तेव्हा तुळशीबागेत लोकर घेताना दुकानदार गुलाबी पुढे करेल, त्याला मागच्या फळीवरचे न खपणारे मळकट रंग काढायला लावा. आणि घरात स्प्रेचा डबा असेल तर कुलपात ठेवा.

मालवणला गेलात तर डोळे भरून बघा, पण तुकडा उचलून आणू नका. वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणि हो, मऊ प्रवाळ, पंख्यासारखे पसरणारे सी-फॅन यांच्यात लाल-जांभळे भरपूर असतात, हवे तर तेही विणा. फक्त आमच्या जाऊबाईंच्या कानावर घालू नका.