दुखऱ्या पोटऱ्या आणि कोलेस्टेरॉलची गोळी

प्रश्न : डॉक्टर, मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजारात राहते. ब्लडप्रेशरची गोळी गेली १० वर्षं चालू आहे. सख्ख्या भावाची ५४व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा माझंही कोलेस्टेरॉल तपासलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६१ निघालं आणि अटॉर्व्हास्टॅटिन १० सुरू झाली. सहा वर्षं काही त्रास नव्हता. एलडीएल १०१ वर अडलं म्हणून गेल्या आषाढात गोळी २०ची केली, तेव्हा ते ९२ झालं. दिवाळीपासून मात्र मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात, जिना चढताना पाय ओढावे लागतात. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ५.९ होतं ते ६.२ झालं. नवरात्रात गजकर्ण झालं, त्याच्या कॅप्सूल दीड महिना घेतल्या, त्यानेच थकवा आला असेल असं आधी वाटलं. मग भाचीने एक मेसेज पाठवला : कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, ते शत्रू नाहीच, या गोळ्यांनी डायबेटिस होतो, लिव्हर खराब होतं, विसरायला होतं, आणि एकदा सुरू केली की गोळी सुटत नाही. दत्तजयंतीपासून मी कोणालाही न सांगता गोळी बंद केली. दुखणं बरंच कमी झालं, पण पुरतं गेलं नाही. परवा एलडीएल १५८ आलं. आता भीती वाटते आणि डॉक्टरांकडे जायची लाजही वाटते. गोळी पुन्हा सुरू करू का? आणि मग ती जन्मभर घ्यायची का?
— एक वाचक, बडोदा

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा गजकर्णाच्या ओळीवर थांबले. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे, पण मला सगळ्या पत्रात तीच महत्त्वाची वाटते. कॅप्सूलचं नाव तुम्ही दिलेलं नाही. घरात रिकामं पाकीट, औषधाच्या दुकानाचं बिल, काहीही असेल तर शोधून काढा. हट्टी गजकर्णाला हल्ली बहुतेक वेळा इट्राकोनॅझोल देतात. अटॉर्व्हास्टॅटिन शरीरात ज्या एन्झाइममुळे मोडली जाते, तेच एन्झाइम इट्राकोनॅझोल अडवतं. मोरी तुंबली की पाणी साचतं, तसं मग रक्तात अटॉर्व्हास्टॅटिन साचत जाते, साधारण तिपटीपर्यंत. म्हणजे तुम्ही गिळत होतात २०ची गोळी, पण तुमच्या स्नायूंना ती ६०ची म्हणून भोगावी लागली असेल.

आषाढात डोस दुप्पट, आश्विनात कॅप्सूल, दिवाळीत दुखणं. सहा वर्षं १०ची गोळी विनातक्रार पचवलेल्या बाईचे पाय अचानक दुखू लागतात, तेव्हा त्या सुमारास नवीन काय घडलं हे आधी पाहायचं असतं. अटॉर्व्हास्टॅटिनसारख्या या स्टॅटिन गोळ्यांचं दुखणं सहसा सुरुवातीच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत येतं. वर्षानुवर्षांनी आलं तर डोस वाढलेला असतो, नवं औषध जोडलेलं असतं, नाहीतर तिसरंच काही असतं. क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिकही असाच घोटाळा करतं. त्वचेच्या डॉक्टरांना तुम्ही कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल सांगितलं होतं का? बहुतेक जण सांगत नाहीत. रोजची गोळी इतकी अंगवळणी पडते की ती औषध आहे हेच विसरायला होतं.

तरी मी याला संशयच म्हणेन, निदान नाही. कॅप्सूल आणि गोळी तुमच्याकडे थोड्याच आठवड्यांच्या अंतराने थांबल्या, त्यामुळे दुखणं कशाने कमी झालं ते तुमच्या पत्रावरून सांगता येत नाही. आणि ते पुरतं गेलेलं नाही, म्हणजे आणखीही काही असू शकतं. थायरॉइड मंद झालं की पाय दुखतात आणि एलडीएलही वाढतं. ड जीवनसत्त्व कमी असेल तरी मांड्या जड होतात. थायरॉइडची टीएसएच, ड जीवनसत्त्व आणि सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) या तिन्ही तपासण्या एकदम करून घ्या.

या दुखण्याला मी कधीच किरकोळ म्हणत नाही, त्याचं कारण माझ्या घरातलं आहे. २०११ साली माझ्या यजमानांची ५७व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आणि अटॉर्व्हास्टॅटिन ८० सुरू झाली. पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी ते झोपाळ्यावरून उठेनात. साखळीला धरून, दोन्ही हातांवर जोर देऊन उठले. दुखत फारसं नव्हतं, जोरच नव्हता. सीपीके १८००च्या वर निघालं. एरवी ते साधारण २००च्या आत असतं. गोळी त्याच दिवशी थांबवली आणि तीन आठवड्यांत पाय परत आले. मग रोसुव्हास्टॅटिन ५, तीही एक दिवसाआड, आणि जोडीला एझेटिमाइब १०. एझेटिमाइब आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही, स्नायूंच्या वाटेला ते सहसा जात नाही. इतकी वर्षं झाली, त्यांचं एलडीएल साठीच्या घरात आहे आणि ते रोज सकाळी कमाटीबागेला दोन फेऱ्या मारतात. तेव्हा गोळीने स्नायूंना खरोखर इजा होते, हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

मात्र असं किती जणांना होतं, हेही मला तुम्हाला तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. सीपीके खूप चढून स्नायू दुर्बळ होण्याचं प्रमाण वर्षाला साधारण १०,००० जणांत एक असं आहे. नुसतं दुखणं मात्र पुष्कळ जण सांगतात, आणि तिथेच गुंता आहे. निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी, कोणाला काय हे कोणालाच ठाऊक नाही, अशा मोठ्या चाचण्यांचा एकत्र हिशेब २०२२ साली प्रसिद्ध झाला. चार वर्षांच्या आसपासच्या काळात खरी गोळी घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्क्यांनी स्नायूंची तक्रार केली आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्क्यांनी. जो काही फरक होता, तो मुख्यतः पहिल्या वर्षातला.

लंडनमध्ये ६० जणांवर एक वेगळाच प्रयोग झाला, तो २०२० साली छापून आला. ही सगळी माणसं त्रासामुळे गोळी सोडून बसलेली होती. वर्षभरात त्यांनी चार महिने खरी गोळी घेतली, चार महिने पोकळ आणि चार महिने काहीच नाही, आणि दररोज त्रासाला १०० पैकी गुण दिले. काही न घेतलेल्या महिन्यांत सरासरी ८, पोकळ गोळीला १५.४, खऱ्या गोळीला १६.३. कोणी खोटं बोलत नव्हतं. गोळी घेतोय या धास्तीनेच शरीर खरोखर दुखत होतं. स्वतःचे आकडे पाहिल्यावर त्यांतल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. तुमचं दुखणं मनाचं आहे असं सुचवायला मी हे लिहीत नाही. दुखणं खरंच आहे. ते गोळीचं आहे का, एवढंच शोधायचं आहे, आणि ते वहीत लिहून शोधता येतं.

आता पारड्याची दुसरी बाजू. सयाजी हॉस्पिटलच्या वॉर्डात मी निवासी डॉक्टर होते, तेव्हा या गोळ्या नव्हत्या. त्यांतली पहिली, लोव्हास्टॅटिन, अमेरिकेत १९८७ साली मंजूर झाली. पंचेचाळिशी-पन्नाशीची माणसं हार्ट अटॅकने यायची, बरी होऊन घरी जायची आणि दोन वर्षांनी त्याच वॉर्डात परत यायची. रक्तातली चरबी कमी करायला आमच्या हातात पथ्याशिवाय फारसं काही नव्हतं. १९९४ साली उत्तर युरोपातल्या ४,४४४ हृदयरुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. पाच वर्षांहून थोडा अधिक काळ सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत ८ टक्के दगावले, पोकळ गोळी घेणाऱ्यांत १२ टक्के. तो अंक मी वाचनालयात उभ्यानेच वाचला होता आणि डोळ्यांपुढे वॉर्डातल्या खाटा येत होत्या.

पण ती माणसं आधीच हृदयरोगी होती. तुम्हाला अजून अटॅक आलेला नाही, म्हणून तुमचा हिशेब वेगळा मांडायला हवा. सर्व चाचण्या एकत्र पाहिल्या तर एलडीएल ३९ने उतरलं की हार्ट अटॅक, पक्षाघात असल्या घटना सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतात. तुमचं एलडीएल गोळीने साठ-सत्तरने उतरत होतं, म्हणजे धोका जवळपास एक तृतीयांशाने कमी. पण कशाचा एक तृतीयांश? समजा, तुमच्यासारख्या १०० बायकांपैकी दहा वर्षांत १० जणींना असं काही होणार असेल, तर ते सहा-सात जणींवर येईल. तीन-चार जणी वाचतील आणि बाकीच्या नव्वदेक जणींना एरवीही काही झालं नसतं. जिचा मूळ धोका १०० मागे दोन आहे, तिच्या पदरात यातलं फारच थोडं पडतं. तिने गोळी नको म्हटलं तर मी वाद घालत नाही. तुमच्या बाजूला मात्र ब्लडप्रेशर आहे, ५४व्या वर्षी भावाचं हृदय आहे आणि सीमेवरची साखर आहे. माझा कल गोळीकडे झुकतो.

साखरेचं तुम्ही वाचलं ते खोटं नाही. तेरा चाचण्यांच्या एकत्र हिशेबात २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली तेव्हा डायबेटिसचा एक जास्तीचा रुग्ण निघाला. डोस मोठा असेल तर हा धोका वाढतो, आणि तो मुख्यतः त्यांना असतो जे आधीच उंबरठ्यावर उभे आहेत. तुम्ही गोळी वाढवण्याआधीच ५.९ वर होतात. म्हणून डोस लहान ठेवावा हे तुमच्या बाबतीत मला दुहेरी पटतं. तुमचेच आकडे बघा ना : पहिल्या १० मिलिग्रॅमने एलडीएल ६० उतरलं, पुढच्या १०ने फक्त ९. हे या गोळ्यांचं ठरलेलंच आहे. डोस दुप्पट केला की जेमतेम सहा टक्के जास्तीचे मिळतात. त्या नऊ अंकांसाठी स्नायूंवर आणि साखरेवर भार कशाला? हवेत तर ते एझेटिमाइबने मिळवता येतील.

मेसेजमधलं बाकीचं थोडक्यात. कोलेस्टेरॉल शरीर स्वतः बनवतं हे अगदी खरं आहे, आणि म्हणूनच तूप-फरसाण बंद करूनही एलडीएल फार तर १०-१५ टक्क्यांनी हलतं. लिव्हरची एन्झाइम्स शंभरात एखाद्याची थोडी वाढतात. गंभीर इजा इतकी विरळ आहे की अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ साली ठरावीक काळाने लिव्हर तपासायची सक्ती काढून टाकली. स्मरणशक्ती बिघडल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही. आणि गोळी सुटत नाही म्हणावं, तर तुम्ही ती दत्तजयंतीला सोडलीच की. सवय लागत नाही. फक्त काही आठवड्यांत एलडीएल मूळ जागी जातं, तेच तुमच्या १५८ने दाखवलं.

पुढे काय? गोळी तशीही बंद आहे, तर आधी तीन आठवडे नुसतं लिहा. रोज रात्री तारीख, पाय किती दुखले त्याला १० पैकी गुण आणि त्या दिवशी जास्तीचं काय केलं ते; जिने, लग्नकार्य, पाहुणे, सगळं. तेवढ्यात तपासण्यांचे रिपोर्ट येतील. ते ठीक असतील आणि गजकर्णाची कॅप्सूल पुन्हा चालू झालेली नसेल, तर डॉक्टरांशी बोलून अटॉर्व्हास्टॅटिन १० किंवा रोसुव्हास्टॅटिन ५ सुरू करता येईल. रोसुव्हास्टॅटिन त्या तुंबणाऱ्या वाटेने फारशी जात नाही, म्हणून मला ती तुमच्यासाठी बरी वाटते. वही तशीच चालू ठेवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी एलडीएल बघा. गुण पूर्वीइतकेच राहिले तर दुखण्याला दुसरं कारण आहे. स्पष्ट वाढले तर गोळी बदलायची. तुम्हाला निमूट सोसायला कोणी सांगणार नाही. मध्येच लघवी चहासारखी गडद झाली किंवा उठता येईनासं झालं, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एवढं करूनही मन तयार होत नसेल तर हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन होतो. इंजेक्शन लागत नाही, पाच-दहा मिनिटांचं काम. तो शून्य आला तर गोळी काही वर्षं लांबवण्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलता येईल. आकडा मोठा आला तर तुम्ही स्वतःच गोळी मागाल.

जन्मभराचं विचारलंत. गोळी घेताय तोवरच तिचा उपयोग, म्हणून ती वर्षानुवर्षं घ्यायची असते. पण तुम्हाला आज जन्मभराची शपथ घ्यायची नाही. दर वर्षी एकदा तोच प्रश्न नव्याने विचारायचा : माझा धोका किती, मला त्रास किती, डोस कमी होईल का. पंच्याहत्तरीनंतर, इतर आजार वाढल्यावर किंवा औषधांची पिशवीच भरल्यावर उत्तर बदलू शकतं.

आणि लाजेचं. माझे कितीतरी रुग्ण गोळी सोडतात आणि मला सांगत नाहीत. मग एलडीएल वाढलेलं दिसलं की मी डोस वाढवून बसते, न घेतलेल्या गोळीचा डोस. तुम्ही खरं सांगितलंत तर तुमच्या डॉक्टरांचं काम सोपं होईल. या आठवड्यातच जा, जाताना रिपोर्ट, वही आणि घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. कॅप्सूलचं नाव सापडलं तर मलाही कळवा, मला ते जाणून घ्यायचं आहे.