ईशू, स्वाती म्हणजे नक्की कोण?

ईशू, काल आजीचा बार्शीहून फोन आला तेव्हा ती म्हणाली "स्वाती मस्त पडली गं यंदा" आणि तुझा चेहरा एकदम पडला, तुला वाटलं स्वातीमावशी पडली कुठेतरी. नंतर तू विचारलंस की मावशी पण स्वाती, पाऊस पण स्वाती, आणि आई, तू तर म्हणतेस तो एक स्टार आहे, मग खरं काय? मला नाईट शिफ्टला पळायचं होतं म्हणून आता ब्रेकमध्ये लिहितेय, सकाळी वाच.

खरी स्वाती म्हणजे तो तारा. आकाशात सूर्य वर्षभर जो रस्ता चालतो ना त्याचे आपल्याकडे 27 भाग केलेत, एकेका भागाला जवळपासच्या ताऱ्याचं नाव, आणि एका भागात सूर्य साधारण 13-14 दिवस असतो. 24 ऑक्टोबरच्या आसपास तो स्वातीच्या भागात जातो, त्या दिवसांत पडलेला पाऊस तो स्वातीचा. म्हणजे तारा पाऊस पाडत नाही गं, ती नुसती तारीख आहे. आजीला ऑक्टोबर-नोव्हेंबर सांगितलं तर ती मनात आधी नक्षत्र लावते आणि मग बोलते.

"पडतील स्वाती तर पिकतील मोती" असं म्हणतात. मोती म्हणजे ज्वारीचे दाणे, असं आपलं माझं मत, शिंपल्यात स्वातीचा थेंब पडून मोती होतो ही गोष्ट छान आहे पण बार्शीत कुठला आलाय समुद्र! आमच्याकडची शाळू ज्वारी पावसाळा संपता संपता पेरतात, ती जमिनीतल्या ओलीवरच वाढते, त्यामुळे शेवटचा एक पाऊस झाला की कणीस भरतं. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना मात्र हाच पाऊस नको असतो, छाटणी होऊन बाग फुलोऱ्यात येत असते आणि नेमका तेव्हा डाऊनी नावाचा बुरशीचा रोग पडतो.

आता तारा. मी साडेसातला इथे कॅनडात, कॅलगरीत पार्किंगमध्ये गाडी लावली तेव्हा समोर पश्चिमेला, बिल्डिंगच्या जरा वर तोच होता. खाली असला की हवेमुळे इतका लुकलुकतो की केशरी, मग क्षणभर लाल, हिरवा असा चमकतो, तू मागे त्याला विमान म्हणाली होतीस. शोधायचा कसा, तर सप्तर्षीच्या शेपटीची जी कमान आहे ती तशीच पुढे वाकवत न्यायची. आणि गंमत बघ, या दिवसांत बार्शीत तो सूर्यापाठोपाठ पाऊण तासात मावळतो, संधिप्रकाशातच जातो. आपण इतक्या उत्तरेला असल्यामुळे आपल्याला तो संध्याकाळी पण दिसतो आणि पहाटे पूर्वेकडे परत उगवलेला पण! म्हणजे आजीकडे स्वातीचा पाऊस आणि आपल्याकडे खुद्द स्वाती.

केशरी का? लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल, मग केशरी, मग पांढरं होतं ना, तसंच. सूर्याचा पृष्ठभाग साधारण 5,500 डिग्री सेल्सिअस, याचा 4,000च. म्हणजे सूर्यापेक्षा थंड, पण रुंदी सूर्याच्या 25 पट, म्हणून एकूण उजेड जवळजवळ 170 पट. वजन मात्र सूर्याएवढंच, थोडंसं जास्त. म्हातारा आहे बिचारा, गाभ्यातलं हायड्रोजनचं इंधन संपलं की तारा असा फुगतो आणि बाहेरून थंड होतो. आपला सूर्य पण पाचेक अब्ज वर्षांनी असाच होणार (घाबरू नकोस, तुझं होमवर्क त्याआधी द्यायचंय).

तिथून उजेड यायला 37 वर्षं लागतात. म्हणजे आज मी जो पाहिला तो निघाला तेव्हा मी तिसरीत होते आणि आजीच्या हातचा मार खात होते. 1933 मध्ये शिकागोच्या जत्रेत (वर्ल्ड फेअर गं) लोकांनी याच ताऱ्याचा उजेड दुर्बिणीतून पकडून त्यावर दिवे लावले होते, त्यांना वाटायचं तो उजेड 40 वर्षांपूर्वीचा, म्हणजे शिकागोच्याच 1893च्या जत्रेच्या वेळी निघालेला. हिशोब थोडा चुकला, पण आयडिया भारी ना?

मावशीचं विचारशील तर ती ऑक्टोबरमध्ये जन्मलीच नाही, जन्मली मे महिन्यात. जन्मनक्षत्र सूर्यावरून नाही तर चंद्रावरून धरतात, आणि चंद्र दर महिन्याला एकदा स्वातीतून जातो.

शनिवारी आजीला फोन केलास की विचार, यंदा पंचांगात स्वातीचं वाहन काय होतं. बेडूक, म्हैस, हत्ती असं काहीतरी सांगेल, हसू नकोस तिला. आणि डब्यात पोळीभाजी आहे, बाबाला सांग गरम करून द्यायला.

आई