मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट म्हणजे काय? पऱ्हाटीवर फवारलं तर चालतं का?

चालतं, मॅग्नेशियम कमी पडून पऱ्हाटीवर लाल्या आला की फवारतात तेच हे पांढरं, पाण्यात झटकन विरघळणारं खत. हेप्टाहायड्रेट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटच्या जोडीला पाण्याचे 7 रेणू, म्हणून पोत्यातलं निम्मं वजन पाण्याचंच आणि मॅग्नेशियम जेमतेम 10 टक्के. हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियम असतं. ते घटलं की खालची जुनी पानं लाल होतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. फवारणीला 1 टक्का द्रावण घ्या: 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम. पण भाऊ, आधी वावरात जाऊन पान उलटून बघाच. खाली तिरपे चालणारे फिकट हिरवे तुडतुडे असतील आणि कडा मुरडल्या असतील, तर ती लाली तुडतुड्यांची; तिथं या खताचा पैसा वाया जाईल.