फ्लॅग लेफ्टनंट म्हणजे ॲडमिरलची बॅग उचलणारा का?

तुमच्या पुतण्याची ॲडमिरलकडे फ्लॅग लेफ्टनंट म्हणून नेमणूक झाली आणि देवगडला वाडीत म्हणतात, "एवढो शिकलो नि साहेबाची बॅग उचलूक गेलो." मी नौदलात रायटर होतो, म्हणजे कारकुनी शाखेतला नाविक. नोकरीतली बरीच वर्षं मुंबईत ॲडमिरलच्या अशाच कार्यालयात गेली, आता मालवणात घरी असतो.

वाडीतल्यांच्या डोळ्यांसमोर आहे तो सहायक. तो भूदलातला जवान, अधिकाऱ्याचा गणवेश-हत्यार बघणारा. त्याला घरकामाला जुंपतात म्हणून 2017 मध्ये मोठा गदारोळ झाला होता. नौदलात ती पद्धतच नाही. फ्लॅग लेफ्टनंट हा कमिशन्ड अधिकारी, भूदलातला एडीसी, म्हणजे बड्या साहेबांचा खास मदतनीस अधिकारी, तसाच. खांद्यावर सोनेरी गोफ लावलेला तरुण अधिकारी साहेबांच्या मागे दिसतो ना, तो हा. दौरे, भेटीगाठी, मेजवानीत कोण कुठे बसणार, हे सगळं त्याच्या गळ्यात. वेळ पडली तर बॅगही उचलतो, त्यात काय!

पण साहेबांच्या कार्यालयात खरा बदल झाला तो टेबलावरच्या कागदांच्या कामात. मी लागलो तेव्हा टाइपरायटर होता. एका पत्राला कार्बन लावून चार-पाच प्रती. साहेबांनी एक स्वल्पविराम हलवला की अख्खं पान परत. निम्मा दिवस त्यातच जायचा. संगणक आले, साहेब मसुदा स्वतःच दुरुस्त करायला लागले, आणि आमची गरज संपली असं सगळे म्हणाले. झालं उलटंच. टाइप करायचा त्रास होता तोवर लोक मोजकं लिहीत. आता जुन्यातलं उचलून नव्यात चिकटवतात, दोन परिच्छेदांची टिप्पणी बारा पानांची होते. त्यामुळे सकाळी डाक फोल्डर, म्हणजे साहेबांपुढे जायच्या कागदांची फाईल, लावताना आज सहीला काय जाणार, कुठल्या कागदावर आधी दुसऱ्या शाखेचं मत हवं, काय साहेबांपर्यंत जायलाच नको, हे कोणीतरी ठरवावं लागतं. माझ्या मते आज साहेबांच्या मदतनिसाची हीच खरी नोकरी. चुकीचा कागद वर गेला की साहेबांचा तास गेला, आणि बरोबर कागद खाली राहिला तर त्याहून वाईट.

वरच्या पातळीवर तर मदतनीसच केवढा मोठा असतो! 8 डिसेंबर 2021 ला कुन्नूरजवळच्या हेलिकॉप्टर अपघातात तेव्हाचे संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्यासोबत त्यांचे डिफेन्स असिस्टंट लिड्डर गेले, ते ब्रिगेडियर होते. आणि 2025 मध्ये लेफ्टनंट कमांडर यशस्वी सोलंकी राष्ट्रपतींच्या एडीसी झाल्या, नौदलातल्या पहिल्या महिला. वाडीत सांगा हे.

चतुर्थीच्या रजेचं विचारलंत. साहेब दौऱ्यावर असले तर विसरा, तो बरोबर जाणारच. पण साहेबांचा कार्यक्रम त्याच्याच हातून जातो, तेव्हा आत्ताच तारखा बघून साहेबांच्या कानावर घालायला सांगा. कणकवलीचं तिकीट मात्र तुम्हीच काढा. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, आणि तिथे ॲडमिरलचा माणूस म्हणून कोणी विचारत नाही.