सिनेटला मत दिलं, पण अभ्यासक्रम कोण ठरवतं?

विद्यापीठाच्या कारभारावर लिहा म्हटल्यावर फारशी पत्रं येणार नाहीत असं वाटलं होतं. आली बरीच. त्यातल्या पाचांना उत्तरं देतो. विद्यापीठाच्या एका प्राधिकरणावर, म्हणजे निर्णय घेणाऱ्या मंडळावर, मी स्वतः एक मुदत काढली आहे, त्यामुळे मतं थोडी तिखट असतील.

प्रश्न : मी पंचवटीत राहतो, पुणे विद्यापीठाचा पदवीधर आहे. पदवीधर आमदारकीला माझं नाव यादीत होतं, सिनेटच्या यादीत मात्र नाही. हे कसं काय?

दोन्ही याद्यांवर ‘पदवीधर’ असं लिहिलेलं असतं, पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. विधान परिषदेची यादी निवडणूक आयोग करतो. तिथे पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे हे कोणी बघत नाही, आणि नाशिक पदवीधर मतदारसंघ नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार असा पाच जिल्ह्यांचा आहे. सिनेट म्हणजे अधिसभा. तिची यादी विद्यापीठ स्वतः करतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची हद्द पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांची. धुळे-जळगावकडचे पदवीधर १९९० पासून जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे. म्हणजे आमदारकीला तुम्ही आणि तुमचे धुळ्याचे मेहुणे एकाच मतदारसंघात, सिनेटला मात्र वेगवेगळ्या विद्यापीठांत.

पदवी मिळाली म्हणून नाव यादीत आपोआप चढत नाही. नोंदणी सुरू झाल्यावर स्वतः अर्ज भरावा लागतो. ती तारीख कधी येते आणि कधी जाते ते पेपरात कोपऱ्यातल्या दोन ओळींवरून कळतं. उमेदवारांना मात्र ती पाठ असते. त्यामुळे यादीतली बरीच नावं कार्यकर्त्यांनी गोळा केलेल्या अर्जांतूनच येतात. निवडणुकीचा अर्धा निकाल तिथेच लागतो, असं माझं मत आहे.

प्रश्न : सिनेटच्या मतदानाला एका पॅनेलच्या (एकत्र लढणाऱ्या उमेदवारांच्या गटाच्या) कार्यकर्त्याने मला चिठ्ठी दिली, अमक्याला १, तमक्याला २. सिन्नरच्या माझ्या बहिणीला त्याच पॅनेलची चिठ्ठी आली, पण क्रम उलटा! फसवणूक आहे का ही?

नाही हो, ही गणिताची हुशारी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी अधिसभेवर जातात. त्यात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटके, इतर मागासवर्ग आणि महिला यांची एकेक जागा, उरलेल्या ५ खुल्या. मतदान पसंतिक्रमाचं असतं. प्रत्येकाचं मत एकच, पण ते सरकू शकतं.

खुल्या ५ जागांसाठी ६००० मतं वैध ठरली असं धरा. जागांमध्ये एक मिळवायचा, म्हणजे ६. सहा हजाराला सहाने भागायचं, त्यात एक मिळवायचा : १००१. हा झाला कोटा. तेवढी मतं पडली की उमेदवार निवडून आला. त्याची कोट्यावरची जादा मतं पुढच्या पसंतीकडे जातात. कोणीच कोट्याला पोचत नसेल तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका २, ३ बघून वाटल्या जातात.

आता पॅनेलकडे साधारण ३२०० मतं आहेत, म्हणजे तिघांपुरती. सगळ्यांनी पॅनेलच्या नेत्यालाच १ दिला आणि पुढे काहीच लिहिलं नाही, तर जादा मतांना सरकायला वाटच राहत नाही. नेता गुलाल उधळतो आणि त्याचे दोन साथीदार घरी बसतात. म्हणून मुरलेले लोक आधीच वाटणी करून ठेवतात : पंचवटीत एकाला १, सिन्नरमध्ये दुसऱ्याला, निफाडमध्ये तिसऱ्याला. तुमच्या बहिणीची चिठ्ठी त्या वाटणीतली.

तुमच्यावर मात्र चिठ्ठी पाळायचं बंधन नाही. वाटेल त्या पॅनेलमधले पाच जण वाटेल त्या क्रमाने लिहा, फक्त १ हा आकडा हवाच. तो एकाच नावापुढे हवा. बरोबरची खूण किंवा फुली केलीत तर मत बाद. एका मतमोजणीत मी स्वतः पाहिलेली मतपत्रिका : १ हा आकडा नीट लिहिलेला आणि शेजारी ‘विजयी भव’! बाद झाली. पदवीधरांचा मतदारसंघ, काय बोलणार.

अजून एक गोष्ट चिठ्ठीवर कधीच नसते. खरी कार्यकारी सत्ता व्यवस्थापन परिषदेकडे असते, आणि तिथे पदवीधरांचे दोनच जातात. त्यांना अधिसभा आपल्यातून निवडून देते. तेव्हा मत मागायला आलेल्याला विचारा, व्यवस्थापन परिषदेला तुम्ही कोणाला मत देणार? बहुतेक जण चहा मागवतात.

प्रश्न : मी येवल्याकडच्या महाविद्यालयात शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणात आमच्या विषयाचा अभ्यासक्रम घाईत बदलला. सिनेट सदस्यांना निवेदन दिलं, ते म्हणाले ‘आवाज उठवू’. उठवला, पण पुढे काही झालं नाही.

मॅडम, तुम्ही चुकीच्या दारावर थाप मारलीत. दोष तुमचा नाही. निवडणुकीचे फलक सिनेटचेच लागतात, त्यामुळे सगळं तिथेच ठरतं असा समज होतो.

अधिसभा वर्षातून किमान दोनदा भरते. वार्षिक अहवाल, लेखे, अर्थसंकल्प तिच्यापुढे येतात, प्रश्न विचारता येतात, ठराव मांडता येतात. शिक्षक, प्राचार्य, संस्थाचालक, पदवीधर सगळे समोरासमोर येण्याची ती मोठी जागा, म्हणून मला ती महत्त्वाची वाटते. पण तुमच्या विषयाच्या तिसऱ्या सत्रात कोणता पेपर असावा हे तिथे ठरत नाही. ते त्या विषयाच्या अभ्यास मंडळात ठरतं. तिथून मसुदा विद्याशाखेकडे आणि शेवटी विद्या परिषदेकडे जातो. विद्या परिषदेपर्यंत पोचलेल्या मसुद्यात फार तर स्वल्पविराम बदलतात.

अभ्यास मंडळावर काही सदस्य महाविद्यालयांतल्या विभागप्रमुखांच्या मतांनी निवडून जातात, काही कुलगुरू नेमतात. विभागप्रमुखांची ती निवडणूक मी जवळून पाहिली आहे. तिला फलक नाही, गुलाल नाही, जेवणावळ नाही. कितीतरी जण मत द्यायलाही जात नाहीत. नंतर पाच वर्षं अभ्यासक्रमाच्या नावाने बोटं मोडतात. ज्या जागेसाठी कोणी भांडत नाही तिथेच विद्यार्थ्याच्या दप्तरात काय जाणार ते ठरतं. मला हा प्रकार कधी उमगला नाही.

आता तुम्ही एवढं करा. मंडळावर कोण आहे ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघा. कोणता घटक का नको, त्याजागी काय हवं, किती तासिका लागतील, असं एका पानात लिहा. चार-पाच महाविद्यालयांतल्या सहकाऱ्यांच्या सह्या घ्या आणि बैठकीची कार्यसूची निघायच्या आधी अध्यक्षांकडे पाठवा. तुमच्या विभागप्रमुखांना पुढच्या निवडणुकीची आठवणही तुम्हीच करून द्या. नाहीतर स्वतः उभ्या राहा.

प्रश्न : आमच्या महाविद्यालय विकास समितीवर मी निवडून आलो. बैठक होत नाही, शिपाई तयार इतिवृत्त घेऊन सहीला येतो. सही करू का? (शिक्षक, नाशिक जिल्हा)

करू नका. कायद्याने या समितीच्या वर्षात किमान चार बैठका व्हायलाच हव्यात. शिक्षकांनी निवडलेले तीन प्रतिनिधी त्यात असतात, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक. अध्यक्षपद संस्थेकडे, सदस्य-सचिव प्राचार्य. न झालेल्या बैठकीवर सही केलीत की उद्या त्यातल्या प्रत्येक ठरावाचे तुम्हीही धनी.

भांडायला जाऊ नका, कागद करा. ‘अमुक विषय पुढील बैठकीत घ्यावा’ असं प्राचार्यांना लेखी द्या आणि पोच घ्या. बैठक झाली आणि मत वेगळं असलं तर ते इतिवृत्तात नोंदवायला सांगा. अनुदानित महाविद्यालय असेल तर जुनी इतिवृत्तं माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येतात. पण तो शेवटचा उपाय. संस्थाचालकांशी रोज गाठ तुमची पडणार आहे, माझी नाही.

प्रश्न : नाशिकच्या कॉलेज रोडवर शिकते. आमच्याकडे सीआर (वर्ग प्रतिनिधी) गुणांवर नेमतात. निवडणूक का नाही?

१९९४ च्या विद्यापीठ कायद्याने हाणामाऱ्यांच्या कारणावरून थेट निवडणुका बंद केल्या आणि गुणवत्तेवर नेमणूक आणली. २०१६ च्या कायद्याने त्या परत आणल्या. २०१९ मध्ये घोषणाही झाली, पण विधानसभा निवडणुकीमुळे त्या लांबणीवर पडल्या. पुढे कोरोना आला आणि विषय फायलीत गेला. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ मध्ये सगळी आचारसंहिता लिहून ठेवली आहे : उमेदवाराला खर्च ५००० रुपयांपर्यंत, छापील फलक बंद, हाताने लिहिलेलेच चालतील. म्हणजे नियम नाहीत ही सबब खरी नाही.

नुकसान फक्त सीआरपुरतं नाही. वर सांगितलेल्या विकास समितीत विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला आणि सचिवाला जागा आहे. अधिसभेवरही विद्यार्थ्यांची जागा आहे. परिषदच निवडून आली नाही तर त्या खुर्च्या रिकाम्या राहतात, किंवा कोणाच्या तरी पसंतीने भरतात.

तुझी मैत्रीण मुक्त विद्यापीठात आहे असं पत्राच्या शेवटी लिहिलं आहेस. नाशिकजवळच्या गोवर्धनच्या त्या विद्यापीठाला १९८९ चा स्वतंत्र कायदा आहे, तिथे अधिसभाच नाही. नाशिकमधल्याच म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचाही कायदा वेगळा, १९९८ चा. आणि मविप्रच्या, म्हणजे मराठा विद्या प्रसारक समाजाच्या, निवडणुकीत तुझे आजोबा जे मत देतात ते शिक्षणसंस्थेचे सभासद म्हणून. त्या निवडणुकीचा विद्यापीठाच्या मतपत्रिकेशी संबंध नाही, गर्दी तेवढी जास्त असते.