शेवटच्या गाडीपासून उलटं मोजा
वाचकांचे प्रश्न : एसटीने डोंगरवाटा

प्रश्न : ठाण्याहून लोकल आणि एसटीने एका दिवसात कळसूबाई होईल का? मागच्या खेपेला आम्ही शिखरावर पोहोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते आणि उतरेपर्यंत गाडी गेली. (ठाणे)

होईल, पण वेळेचं गणित सकाळपासून मांडू नका. पायथ्याच्या बारी गावाहून घोटीकडे परतणारी शेवटची गाडी किती वाजता, हे सकाळी उतरतानाच कंडक्टरला विचारा आणि तिथून उलटं मोजा. समजा ती पाचला आहे. म्हणजे साडेचारला तुम्ही रस्त्यावर हवेत. उतरायला दोन ते अडीच तास लागतात, म्हणून दोनला शिखर सोडायचं. वर अर्धा तास बसायचं असेल, तर दीडपर्यंत देवळाशी पोहोचायला हवं. चढाई तीन ते साडेतीन तासांची. म्हणजे दहाच्या आत बारीतून पाय उचलला पाहिजे. त्यासाठी पाचच्या सुमाराची कसारा लोकल पकडा. ठाण्याहून कसारा पावणेदोन तास, पुढे एसटी किंवा काळी-पिवळीने घोटी, आणि घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या गाडीने तासाभरात बारी.

या हिशेबात लोक एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे वाटेवरच्या लोखंडी शिड्या. सुट्टीच्या दिवशी, पावसाळ्यात आणि नवरात्रात शिड्यांपाशी रांग लागते. चढणारे आणि उतरणारे एकाच शिडीवर समोरासमोर येतात. त्यासाठी पाऊण तास वेगळा धरा. उतरताना तोंड शिडीकडे, पाठ दरीकडे ठेवायची. पाठीवरची मोठी सॅक लावून शिडीकडे पाठ करून उतरायला गेलं की सॅकचा खालचा भाग पायरीत अडकतो आणि माणूस पुढे ढकलला जातो.

दुसरा घोटाळा पाण्याचा. एसटीत लघवीची सोय नसते, म्हणून बरेचजण पहाटेपासून पाणीच पीत नाहीत आणि पहिल्या शिडीच्या आसपास पोटऱ्यांत गोळे यायला लागतात. घोटीच्या स्टँडवर उरकून घ्या आणि बारीला उतरल्या उतरल्या अर्धा लिटर पिऊन टाका. माणशी तीन लिटर सोबत हवं, ऑक्टोबरच्या उन्हात आणि फेब्रुवारीनंतर चार. एका बाटलीत ओआरएस. १६४६ मीटर उंचीच्या या शिखरासाठी बारीतून आठशेहून जास्त मीटर चढावं लागतं, हे घाटवाटेच्या चढापेक्षा कमी नाही.

दीड वाजला आणि शिखर अजून वर दिसतंय, तर परत फिरा. शिखर कुठे जात नाही, गाडी जाते.

प्रश्न : हरिश्चंद्रगड खिरेश्वरहून चढून पाचनईला उतरायचा विचार आहे. गाडी नसल्यामुळे अडचण होईल का? (कल्याण)

उलट गाडी नाही म्हणूनच हे जमतं. स्वतःची गाडी पायथ्याला लावली की तिच्यासाठी त्याच वाटेने परतावं लागतं. एसटीवाल्याला ते बंधन नाही. पुण्याकडच्यांनी राजगड-तोरण्याचा असाच विचार करावा. गुंजवण्यातून चढून, संजीवनी माचीवरून डोंगरधारेने तोरण्याच्या बुधला माचीवर आणि खाली वेल्ह्याला. पण धारेवर सात-आठ तास जातात आणि भरवशाचं पाणी नाही, म्हणून आदल्या रात्री गुंजवण्यात मुक्काम ठेवा.

आता तुमचा बेत. कल्याणहून माळशेज घाटाने आळेफाट्याकडे जाणारी गाडी घ्या. तिकीट काढताना ‘खुबी फाटा’ असंच म्हणा. नुसतं ‘माळशेज’ म्हटलंत तर घाटमाथ्यावर, धबधब्याच्या गर्दीत उतरवतील आणि फाटा अजून पुढे आहे. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने लागतं, त्यामुळे फाट्याच्या पुढच्या गावाचं तिकीट हातात पडलं तर हुज्जत घालू नका.

फाट्यावरून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वरला तासभर चालायचं. हे चालणं वेळापत्रकात कुणी धरत नाही आणि दिवस इथेच घसरतो. सावली नाही, भिंत संपता संपत नाही. गावातलं नागेश्वराचं मंदिर पाहून पुढे लागा. टोलार खिंडीत वाघाचं दगडी शिल्प आहे, तिथपर्यंत दीड-दोन तास. खिंडीतून कातळावर रेलिंगची चढण, मग एकामागून एक टेपाडं. खिरेश्वरपासून गडावरच्या मंदिरापर्यंत एकूण चार ते पाच तास धरा.

धुकं असेल तर चूक टेपाडांवर होते. तिथे ढोरवाटा भरपूर. त्या उताराला आडव्या जातात, पाच-सहा फुटांच्या अंतराने समांतर पसरलेल्या असतात आणि थोड्या वेळाने कारवीत विरून जातात. माणसांच्या वाटेवर कातळ घासून गुळगुळीत झालेला असतो, दगडावर बाण असतो आणि (लाज वाटावी अशी खूण) वेफर्सची पाकिटं असतात. दहा मिनिटांत यातलं काहीच दिसलं नाही तर शेवटच्या बाणापर्यंत मागे या, पुढे अंदाजाने जाऊ नका.

पाचनईची उतरण दोन तासांची, सोपी. अडचण खाली आहे. पाचनई-राजूर गाड्या मोजक्याच. राजूरला पोहोचलात की मात्र अकोले, संगमनेर किंवा घोटी-कसाऱ्याकडे सोय होते. म्हणून वर मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उतरा, आणि राजूरच्या जीपसाठी पैसे वेगळे ठेवा. नळीच्या वाटेचं कुणी सुचवलं तर आत्ता नको. ती दोरासह जाण्याची वाट आहे.

प्रश्न : चौकशी खिडकीवर सांगितलेली गावाची गाडी रविवारी आलीच नाही. असं का होतं? (नाशिक)

बहुधा ती शाळेची गाडी असावी. डोंगरातल्या कित्येक फेऱ्या विद्यार्थ्यांच्या वेळेवर चालतात आणि रविवारी, दिवाळीत, मे महिन्यात बंद असतात. ‘गाडी किती वाजता’ एवढंच न विचारता ‘रविवारी असते का’ आणि ‘मुक्कामी आहे का’ हेही विचारा. मुक्कामी गाडी सगळ्यांत भरवशाची. ती संध्याकाळी गावात जाते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच परत निघते. शनिवारी संध्याकाळी तिने गावात जाऊन पहाटे डोंगर चढायचा, ही जुन्या भटक्यांची पद्धत आजही उत्तम. गावातल्या किराणा दुकानदाराला गाड्यांच्या वेळा डेपोपेक्षा जास्त अचूक माहीत असतात.

प्रश्न : आई ६७ वर्षांची आहे. तिला महिलांची आणि ज्येष्ठांची अशी दोन्ही सवलत मिळेल? (सातारा)

नाही, दोन्ही मिळून होत नाही. अर्धंच तिकीट लागेल. ७५ पूर्ण झाल्यावर प्रवास मोफत. वयाचा पुरावा जवळ ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात नाणेघाट वैशाखऱ्याकडून चढणं कितपत सुरक्षित? (डोंबिवली)

वाट सरळ आहे, पण शेवटचा टप्पा जुन्या दगडी फरसबंदीचा. त्यावर शेवाळ धरतं. काळसर, चकाकणाऱ्या दगडावर पाय देऊ नका, खडबडीत, राखाडी दिसणाऱ्यावर द्या. पाऊल सपाट टेका, टाचेवर भार नको. तळवा झिजलेले रनिंगचे बूट इथे साफ फसवतात. चढायला अडीच-तीन तास. वर सातवाहनकालीन ब्राह्मी लेखाची गुहा आणि जकातीचा दगडी रांजण पाहून घाटघरमार्गे जुन्नरला उतरलात तर तो घसरडा टप्पा पुन्हा उतरावा लागणार नाही. मुरबाडकडून यायचं तर अतिवृष्टीच्या दिवशी बेत रद्द करा. ओढे तासाभरात गुडघ्याच्या वर चढतात.

प्रश्न : सगळं करूनही शेवटची गाडी चुकली तर? (पुणे)

अंधारात पायी निघू नका. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत वाट दिसेनाशी होते. माणशी एक हेडटॉर्च हवाच, मोबाइलचा उजेड धरायला हात गुंततो. गावात शिक्षक किंवा सरपंचांकडे विचारलं की शाळेच्या ओट्यावर झोपायची सोय बहुतेक ठिकाणी होते, जेवणाचे पैसे ठरवून द्या. सुट्टे पैसे बाळगा, कारण रेंज नसेल तिथे ऑनलाइन पैसे जात नाहीत. खुबी फाट्यासारख्या ठिकाणी रविवारी संध्याकाळी भरलेल्या गाड्या हात दाखवूनही थांबत नाहीत. तेव्हा कल्याणच्या दिशेने ताटकळण्यापेक्षा मिळेल त्या वाहनाने उलट्या दिशेला आळेफाट्यावर जा. तिथे गाड्या थांबतात, आणि निदान चहा तरी मिळतो.