पायावरचा न दुखणारा चट्टा: पुढचे मलम लावण्याआधी एवढे पाहा

नमस्कार. उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, तांबूस, कडेला किंचित उंचावलेला चट्टा चार महिन्यांपासून आहे, तो दुखत नाही, खाजत नाही, औषधाच्या दुकानातून आणलेल्या मलमाने फिकट होतो आणि मलम थांबवले की पुन्हा वर येतो, असे आपण लिहिले आहे आणि आता कोणते मलम लावावे असे विचारले आहे. हे वाचताना मला माझाच जुना केसपेपर वाचत असल्यासारखे वाटले. माझा चट्टा डाव्या पायावर, घोट्याच्या थोडा वर, बाहेरच्या बाजूला होता. आपण चार महिन्यांनी थांबून विचारता आहात. मी अकरा महिने मलमे बदलत राहिले.

मी डॉक्टर नाही आणि आपल्या चट्ट्याचे निदान करण्याचा माझा दावा नाही. माझा चट्टा कुष्ठरोगाचा निघाला. आपला तसाच असेल असे मुळीच नाही, पण ती शक्यता स्पर्शाची साधी तपासणी करून पाहिल्याशिवाय सोडू नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

मी ज्या खासगी दवाखान्यात जात होते, तिथे पहिल्याच भेटीत टेबलापलीकडून चट्ट्याकडे पाहून ‘नायटा आहे’ असे सांगण्यात आले आणि बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड असे तिन्ही एकत्र असलेले मलम लिहून देण्यात आले. लाली आठवडाभरात उतरली, त्यामुळे निदान बरोबर आहे असे मीही धरून चालले. तीन महिन्यांनी चट्टा परतल्यावर त्वचा खरवडून बुरशीची तपासणी झाली, अहवालात बुरशी नाही असे आले, आणि तरीही मला पुढच्या मलमाची चिठ्ठी मिळाली. बुरशी नाही तर मग हे काय आहे, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि मीही विचारला नाही. त्या अकरा महिन्यांत मी तिथे नऊ वेळा गेले असेन; नऊ वेळांत एकदाही कोणी त्या चट्ट्याला बोट लावून ‘इथे कळते का’ असे विचारले नाही. आज इतक्या वर्षांनीही मला सर्वांत जास्त राग याच गोष्टीचा येतो.

माझी स्वतःची चूक याहून मोठी होती, कारण खूण माझ्या डोळ्यांसमोर घडली होती. एका सकाळी आंघोळीचे कढत पाणी पायावर सांडले. मी पाय पुसला आणि कामाला लागले. संध्याकाळी आईने दाखवले तेव्हा चट्ट्यावर टपोरा फोड आलेला होता. थोडक्यात निभावले म्हणून आम्ही दोघींनी देवाचे आभार मानले. फोड येण्याइतके भाजूनही दुखत कसे नाही, असे त्या वेळी मनात आले असते, तर पुढचे चार महिने वाया गेले नसते. त्या चार महिन्यांत डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटू लागली आणि पायरी चढताना पुढचे बोट अडखळू लागले, तेव्हा कुठे मी सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गेले.

तिथल्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले, कापसाची बारीक वात आधी हातावर, मग चट्ट्यावर टेकवली आणि स्पर्श जाणवेल तिथे बोट ठेवायला सांगितले. चट्ट्याच्या मधल्या भागावर माझे बोट एकदाही गेले नाही. नंतर त्यांनी गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची नस चाचपली. ती दोरीसारखी जाड झालेली होती. हे सगळे पाच मिनिटांत झाले आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागले नाही.

कुष्ठरोगाचा जंतू मुख्यतः त्वचा आणि कातडीलगतच्या नसांवर हल्ला करतो, म्हणूनच त्याचा चट्टा सहसा दुखत नाही आणि खाजतही नाही. ‘दुखत नाही, म्हणजे गंभीर नाही’ हा आपला नेहमीचा हिशोब इथे उलटा पडतो. हा जंतू अतिशय सावकाश वाढतो; त्याची संख्या दुप्पट व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी त्याहून बरीच जास्त वर्षे जातात. त्यामुळे तो कोणाकडून आला याचा शोध घेत बसण्यात अर्थ नाही. मी त्यात उगाच काही रात्री घालवल्या.

घरी आपण एवढे करून पाहा. डोळे मिटून बसा आणि घरातल्या कोणाला तरी कापसाची वात आधी निरोगी कातडीला, मग चट्ट्याच्या मध्यभागी हलकेच टेकवायला सांगा. वात ओढायची नाही, नुसती टेकवायची. सुई किंवा गरम वस्तू मात्र वापरू नका, कारण बधिर भागावर झालेली जखम कळत नाही. स्पर्श कळला नाही तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे किंवा सरकारी रुग्णालयात जा. स्पर्श कळला तरी चट्टा दाखवाच, कारण या रोगातले सगळेच चट्टे पूर्ण बधिर नसतात.

न दुखणाऱ्या चट्ट्यांची इतर कारणेही आहेत. खवले नसलेली, गुळगुळीत उंच कडेची कंकणाकृती वळी पावलावर उठतात, त्यांना ग्रॅन्युलोमा ॲन्युलेअर म्हणतात. ती नायट्यासारखी दिसतात, पण तिथे स्पर्श शाबूत असतो आणि पुष्कळदा ती औषधाविना विरतात. तिखट भुरभुरल्यासारखे तांबूस ठिपके असतील, तर त्यांवर पारदर्शक काचेचा पेला दाबून पाहा. रंग गेला नाही तर ते कातडीखाली झिरपलेले रक्त असते. असे ठिपके एकाएकी उठले आणि सोबत ताप असेल किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. आपल्या वर्णनात असे काही नाही, तरी ही टीप इतर वाचणाऱ्यांसाठी.

कुष्ठरोग निघालाच, तर उपचार सोपा आहे. पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने आणि त्याहून जास्त असतील तर बारा महिने बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, घ्यावा लागतो. गोळ्यांची पाकिटे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मला तेव्हा रिफाम्पिसिन आणि डॅप्सोन ही दोन औषधे होती. 2018 पासून जागतिक आरोग्य संघटनेने क्लोफाझिमीन धरून तिन्ही औषधे सर्वांनाच सुचवली आहेत. महिन्यातून एकदा घ्यायच्या रिफाम्पिसिनच्या मोठ्या डोसानंतर लघवी लाल होते, तिला घाबरू नका. क्लोफाझिमीनने कातडी काळसर होते आणि ती औषध थांबल्यावर हळूहळू निवळते. डॅप्सोनने रक्त कमी होऊ शकते, म्हणून दम लागला किंवा अंगावर पुरळ उठले तर लगेच कळवा.

चट्टा अचानक लाल होऊन सुजला, नस दुखू लागली किंवा पाऊल वर उचलताना बळ कमी पडले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याला रिॲक्शन म्हणतात. ती उपचाराआधी, उपचार चालू असताना आणि संपल्यावरही येऊ शकते, आणि नसेचे नुकसान तिच्यातच वेगाने होते. मला त्यासाठी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या काही महिने, हळूहळू कमी करत, घ्याव्या लागल्या. मलमातल्या स्टेरॉइडने माझा रोग झाकला होता, आणि नस वाचवली तीही स्टेरॉइडनेच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पावलातले बळ बरेचसे परत आले. चट्ट्याची जागा मात्र आजही बधिर आहे.

म्हणून दुकानातून मिळणाऱ्या त्या एकत्रित मलमांबद्दल माझे मत कडक आहे. केंद्र सरकारने 2018 साली त्वचेवर लावायची 14 स्टेरॉइडे अनुसूची एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती सहज हाती पडतात. ज्याचे नाव ठाऊक नाही अशा चट्ट्यावर ती लावू नयेत. त्यांनी नायटाही बदलून ओळखू न येण्यासारखा होतो.

आणखी एक. निदान ऐकल्यावर माझ्या मावशींनी माझे ताट वेगळे ठेवले. त्याची काहीही गरज नव्हती: बहुतेक माणसांमध्ये या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते आणि औषध सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका लवकरच संपतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानण्याची तरतूदही 2019 च्या कायद्याने काढून टाकली आहे. घरच्यांनीही एकदा तपासून घ्यावे. निकटच्या सहवासातल्यांना रिफाम्पिसिनचा एक प्रतिबंधक डोस देण्याची सोय सरकारी कार्यक्रमात आहे.

तपासणीला जाताना आतापर्यंत वापरलेल्या मलमांच्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, बरोबर न्या आणि कोणते मलम शेवटचे कधी लावले तेही लिहून न्या. तोवर नवे मलम सुरू करू नका, अनवाणी चालू नका आणि रोज रात्री दोन्ही पावले उजेडात नीट पाहत जा. डॉक्टरांनी चट्ट्याला हात न लावताच चिठ्ठी लिहायला घेतली, तर संकोच न करता म्हणा, ‘इथे स्पर्श कळतो का, ते आधी तपासता का?’